अद्भुत आणि शृंगार : एका वाटणीची कथा

गेल्या वैशाखात माझी सोळा वर्षांची भाची सुट्टीसाठी नागपुरास आमच्या घरी येऊन राहिली होती. नागपूरचा वैशाख ज्यांनी भोगला आहे त्यांस, दुपारी बारापासून पाचपर्यंत घराबाहेर पाऊल टाकणे हे केवढे धाडस आहे ते सांगावयास नको. खिडकीला ओला वाळा, कूलरची घरघर आणि हातात पुस्तक, एवढाच त्या वेळेचा कार्यक्रम. मुलीने येताना इंग्रजी कादंबऱ्यांची एक चळतच आणली होती. त्यांत पंख असलेले अजस्र सर्प होते, शापित राजपुत्र होते, रक्तपिपासू परंतु स्वभावाने सालस असे तरुण होते, आणि या सर्वांवर जीव टाकणाऱ्या सतरा-अठरा वर्षांच्या मुली होत्या. आठ दिवसांत चळत संपली आणि मुलगी मजसमोर येऊन उभी राहिली.

"मामा, मराठीत असं काही आहे का रे? प्रेमही हवं आणि जादूही हवी. नुसतं प्रेम नको, ते रडकं असतं. नुसती जादू नको, ती लहान मुलांची असते."

"आहे की, पुष्कळ आहे," असे मी मोठ्या ऐटीने सांगितले, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिला घेऊन ग्रंथालयात गेलो. तेथे गेल्यावर माझी ऐट उतरली. एका भिंतीशी बालवाङ्मयाची कपाटे होती. त्यांत राक्षस, पऱ्या, उडते गालिचे यांची रेलचेल होती. समोरच्या भिंतीशी कादंबऱ्यांची कपाटे होती. त्यांत प्रेम होते, प्रेमभंग होता, घटस्फोट होता. मधल्या मोकळ्या जागेत एक टेबल व दोन खुर्च्या होत्या. माझी भाची नेमकी त्या मोकळ्या जागेत उभी होती.

त्या क्षणी माझ्या ध्यानात आले, की मुलीने नकळत मराठी कादंबरीच्या इतिहासातील एका मूलभूत प्रश्नावर बोट ठेवले आहे. शृंगार आणि अद्भुत हे दोन रस आमच्या भाषेत एकाच घरात जन्मले, एकाच पंक्तीस जेवले, एकत्र कुटुंबातील सख्ख्या भावांप्रमाणे वाढले. पुढे त्यांची वाटणी झाली आणि वाटणीत मधले अंगण कोणाच्याच वाट्याला आले नाही. ही वाटणी कशी झाली व ती होण्यास आमची घरे कशी कारणीभूत झाली, ते सांगण्याचा येथे विचार आहे. त्या ओघात मुलीला कोणती पुस्तके दिली तेही येईलच.

प्रथम नावापासूनच आरंभ करू. इंग्रजीतील 'नॉव्हेल' या शब्दाचा मूळ अर्थ 'नवीन' असा. बंगालीने त्यास 'उपन्यास' म्हटले, गुजरातीने 'नवलकथा' म्हटले. मराठीने मात्र एका मुलीचे नाव घेतले. कादंबरी ही सातव्या शतकातील बाणभट्टाच्या कथेची नायिका. त्या कथेत चांडाळकन्या राजा शूद्रकाच्या दरबारात एक पोपट घेऊन येते व तो पोपट मनुष्यवाणीने कथा सांगू लागतो. प्रियकर मरतात, पुन्हा जन्मतात, शापाने पशुपक्ष्यांच्या योनीत जातात. आणि प्रेयसी अच्छोद सरोवराच्या काठी त्यांची वाट पाहत तप करीत बसते. बाण हा ग्रंथ अपुरा ठेवून वारला आणि तो त्याच्या मुलाने पुरा केला. माझ्या भाचीने मागितले ते यापेक्षा वेगळे काय होते? प्रेमही हवे आणि जादूही हवी. ज्या साहित्यप्रकाराचे बारसेच अशा कथेवरून झाले, त्याच्या कपाटात आज ही जोडी सापडू नये, हा काळाचा मोठा चमत्कारिक विनोद आहे.

आम्ही वैदर्भ मंडळी या बाबतीत थोडा अधिक अभिमान बाळगू शकतो. भारतीय प्रेमकथांच्या नायिका मोजू लागले तर विदर्भाच्या लेकींची संख्या डोळ्यांत भरण्यासारखी आहे. अजाची इंदुमती विदर्भाची. कृष्णास पत्र पाठवून 'मला हरण करून ने' असे कळविणारी रुक्मिणी आमच्या वर्धा नदीच्या काठच्या कौंडिण्यपूरची. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने तिचे स्वयंवर मराठीत गाइले. आणि दमयंती तर विदर्भराज भीमाची कन्या. हंस तिच्या दूताचे काम करतो. स्वयंवरात चार देव नळाचे रूप घेऊन बसतात आणि एकासारखे एक पाच नळ पाहून मुलगी क्षणभर गोंधळते. मग ती निरखून पाहते. देवांची पापणी लवत नाही, त्यांचे पाय भूमीला टेकत नाहीत, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, त्यांना सावली नाही, घाम नाही. ज्याला घाम आला आहे, ज्याच्या गळ्यातील फुले सुकली आहेत, त्याच्याच गळ्यात ती माळ घालते. अद्भुताच्या ऐन मध्यात उभी राहून ती मर्त्य मनुष्य निवडते. (नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मुलीस घामाची ही पारख असावी यात नवल नाही, असे माझ्या भाचीचे मत पडले.) रघुनाथपंडितांनी हे आख्यान मराठीत आणले व शाळांच्या क्रमिक पुस्तकांनी त्यातील हंस पिढ्यान्‌पिढ्या मुलांच्या मनात जिवंत ठेवला.

परंतु माझ्या मते या कुळातील सर्वात थोर कृती म्हणजे भवभूतीचे 'मालतीमाधव'. भवभूतीचे घराणे पद्मपूरचे. हे पद्मपूर म्हणजे आजच्या गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर, असे आमच्या नागपूरच्या महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. नाटकाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती आजच्या फारच थोड्या तरुणांच्या कानांवर गेली असेल. मालती व माधव यांचे बाप विद्यार्थिदशेतच एकमेकांस वचन देऊन बसले आहेत, पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनास द्यावयाची आहे आणि मालतीचा बाप भूरिवसू हा पडला राजाचा मंत्री. कामंदकी नावाची एक वृद्ध बौद्ध संन्यासिनी दोन्ही प्रेमिकांच्या बाजूने चतुराईची सूत्रे हलविते. निराश झालेला माधव मध्यरात्री स्मशानात जातो व भुताखेतांस नरमांस विकू पाहतो. तेथे त्याच्या कानी एक आर्त किंकाळी येते. अघोरघंट नावाचा कापालिक चामुंडेच्या देवळात एका मुलीचा बळी देण्याच्या तयारीत असतो, आणि ती मुलगी मालती असते. माधव कापालिकास ठार करतो. कापालिकाची शिष्या कपालकुंडला सूड घेण्याची प्रतिज्ञा करते. इकडे माधवाचा मित्र मकरंद मालतीचा वेष घेऊन नंदनाशी स्वतःच लग्न लावून घेतो व सासरी जाऊन नवऱ्यास लाथाडतो. हा मकरंद असा की त्याने पूर्वीच एका पिसाळलेल्या वाघाच्या तावडीतून नंदनाची बहीण सोडविलेली असते. ती वधूच्या वेषातला हा वीर पाहून त्याच्याबरोबर निघून जाते. शेवटी सौदामिनी नावाची योगिनी आपल्या सिद्धीच्या बळावर मालतीस वाचविते. भय, हास्य, तंत्रमंत्र, वेषांतर, मैत्री आणि प्रेम यांचे असे मिश्रण आठव्या शतकात एका वैदर्भाने सिद्ध करून ठेवले आहे. भाचीस ही गोष्ट सांगत असता कूलर बंद पडला, तरी तिला कळले नाही.

आता छापील मराठीकडे वळू. १८१४ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे, विल्यम केरीच्या मिशनच्या छापखान्यात, वैजनाथ पंडितांनी केलेली 'सिंहासनबत्तिशी' मोडी लिपीत छापली गेली. याच छापखान्यातून नागपूरकर भोसल्यांची वंशावळही बाहेर पडली. म्हणजे मराठी गद्यकथेच्या छपाईच्या आरंभकाळातच बोलणाऱ्या पुतळ्यांची अद्भुत कथा हजर होती. त्यानंतर १८५७ साली बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' आले. विधवांच्या दुःस्थितीचे हे प्रत्यक्ष चित्र. त्यात जादू नाही, राजपुत्र नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून त्याचा मान मोठा आहे. परंतु तरुण वाचकांच्या उड्या पडल्या त्या दुसरीकडे.

हे दुसरीकडचे दार १८६१ साली उघडले. त्या एकाच वर्षी लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' प्रसिद्ध झाली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टीं'स हात घातला. कृष्णशास्त्री राजवाड्यांनी 'मालतीमाधवा'चे मराठी भाषांतर दिले. आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात इंग्रज सरकारने मध्यप्रांत स्थापून नागपूर ही त्याची राजधानी केली. भोसल्यांचे राज्य खालसा होऊन तेव्हा उणीपुरी सात वर्षे झाली होती. राजे गेले, वाडे ओस पडू लागले, आणि नेमके त्याच वेळी कागदावर नवे राजे, नव्या राजकन्या व नवे राजवाडे उभे राहू लागले. १८६७ साली आगगाडी नागपुरापर्यंत आली; पुढल्याच वर्षी नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' निघाली. पुण्यामुंबईची पुस्तके आता बैलगाडीची वाट पाहत बसणार नव्हती.

या कादंबऱ्यांत होते काय? सद्गुणांची पुतळी अशी नायिका, तिच्यासाठी झुरणारा शूर नायक, कपटी खलपुरुष, ताटातूट, अरण्ये, दैवी योगायोग, आणि शेवटी सर्वांचे मंगल. भाषा संस्कृतप्रचुर, वर्णने लांबलचक. आज त्या वाचताना दम लागतो, हे मान्य केले पाहिजे. मी भाचीच्या हाती 'मुक्तामाला' दिली नाही. तत्कालीन जाणत्यांसही त्यांच्यातील असंभाव्यता बोचत होती. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली नावल व नाटक यांवर निबंध लिहून या प्रकाराची चिकित्सा केली. पुढे १९०२ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी 'कादंबरी' या आपल्या निबंधात मराठी कादंबरीची जी झडती घेतली, ती तर सर्वश्रुतच आहे.

परंतु टीकाकारांच्या आधीच खुद्द लेखकाने दिलेला कबुलीजबाब मला अधिक मोलाचा वाटतो. 'मंजुघोषे'च्या प्रस्तावनेत रिसबुडांनी आपली अडचण प्रामाणिकपणे मांडली आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्हा हिंदूंच्या लग्नाच्या चालीमुळे व इतर काही कारणांमुळे आमच्या आयुष्यात मन गुंतविण्यासारखे गुणही आढळत नाहीत व दोषही आढळत नाहीत. रोजच्या अनुभवातले लिहावे तर त्यात कोणास गोडी वाटणार नाही. म्हणून मनोरंजक ग्रंथ लिहू जाता अद्भुताची कास धरणे भाग पडते.

या चार ओळींच्या कबुलीत त्या काळचे सारे घर सामावले आहे. मुलीचे लग्न आठव्या-नवव्या वर्षी, मुलाचे फार तर पंधराव्या-सोळाव्या. प्रेमात पडावे असे वय येण्यापूर्वीच नवरा ठरलेला, आणि घरातील वडील माणसांसमोर त्याच्याशी बोलण्याची चोरी. अशा घरात प्रेमकथा घडावयाची कोठे? ती माडीवर घडू शकत नव्हती, माजघरात नव्हती, विहिरीवर नव्हती. ती घडू शकत होती ती फक्त कोणत्या तरी नसलेल्या नगरीत, जिथे राजकन्या वीस वर्षांची होईपर्यंत अविवाहित राहते आणि स्वतः वर निवडते. राजवाड्यावाचून प्रेम शक्य नव्हते, म्हणून राजवाडा. आमच्या आद्य कादंबरीकारांना अद्भुताचा नाद लागला होता, असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ते खरे वाटत नाही. त्यांना शृंगार हवा होता आणि तो ठेवावयास दुसरी जागा नव्हती.

हे मला पुस्तके वाचून कळले नाही; माझ्या आजीने ते मला एका वाक्यात सांगितले होते. आजीचा जन्म १९१६ सालचा. शारदा कायदा येणार, मग चौदा वर्षांच्या आत मुलीचे लग्न करता येणार नाही, अशी हाकाटी झाली, तेव्हा ज्या असंख्य घरांनी घाईघाईने आपल्या मुली उजवून टाकल्या त्यांत तिचे माहेर होते. तेराव्या वर्षी ती महालातल्या एका जुन्या वाड्यात सून होऊन आली. तिला वाचनाचे अतोनात वेड. तिच्या ट्रंकेत शेवटपर्यंत एक पुस्तक होते, नाथमाधवांचे 'वीरधवल'. पहिली सोळा पाने गळालेली, आणि वर 'शिवलीलामृता'चे जुने वेष्टन चढविलेले. लहानपणी मी तिला विचारले होते, की हे वेष्टन कशाला? ती म्हणाली, "सुरुवातीला भीतीनं घातलं होतं. पुढे सासूबाईंना कळलं, पण त्या काही बोलल्या नाहीत. राजाराणीची गोष्ट आहे म्हणून वाचू दिली. आपल्यासारख्या घरातली असती ना, तर हातातून ओढून घेतली असती."

नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे (१८८२–१९२८), यांचे चरित्र त्यांच्या कादंबऱ्यांइतकेच विलक्षण आहे. शिकारीच्या नादात सिंहगडाच्या कड्यावरून पडून त्यांचे कमरेखालचे शरीर निकामी झाले. अंथरुणास खिळलेल्या या मनुष्याने वाचनास व मग लेखनास वाहून घेतले, आणि १९१३ साली 'वीरधवल' लिहून सबंध महाराष्ट्रातील तरुणांस घोड्यावर बसविले. ज्याला स्वतःला पाऊल टाकता येत नव्हते त्याच्या कादंबरीत कोणीही क्षणभर स्वस्थ बसत नाही. तिच्यात राजघराणी आहेत, कारस्थाने आहेत, शौर्य आहे, आणि वाचकाच्या जिवाला घोर लावणारे प्रेम आहे. तिचेच समकालीन दुसरे नाव गोविंद नारायण दातारशास्त्री (१८७३–१९४१) यांचे. रेनॉल्ड्स नावाच्या इंग्रज कादंबरीकाराची कथानके घेऊन त्यांना त्यांनी असा काही देशी साज चढविला, की 'कालिकामूर्ति' वाचणाऱ्यास ती परकी आहे अशी शंकाही येऊ नये. रेनॉल्ड्सला त्याच्या मायदेशाने केव्हाच अडगळीत टाकले होते. हिंदुस्थानात मात्र त्याच्यावर पिढ्या पोसल्या. पंडितांनी या सर्वांस हलके वाङ्मय म्हटले. असेलही. पण आजीने ते सतरा वेळा वाचले होते, आणि वाचनाची जी गोडी तिला त्यातून लागली तिनेच तिला पुढे हरिभाऊंपर्यंत नेले.

हरिभाऊ आपट्यांच्या नावाशी आपण वाटणीच्या उंबरठ्यावर येतो. त्यांनी १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढले व त्यात 'पण लक्षात कोण घेतो!' क्रमशः देऊ लागले. यमूची ती कहाणी वाचून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले, त्यांना प्रथमच कळून आले की आपल्या रोजच्या घरातही कादंबरी आहे. रिसबुडांनी ज्याला नीरस म्हणून सोडून दिले होते, त्यातच सर्वात मोठी कथा दडलेली होती. मात्र ती प्रेमकथा नव्हती. ती यातनेची कथा होती. पुढल्याच वर्षी, १८९१ साली, संमतिवयाचा कायदा झाला व वयाची मर्यादा दहावरून बारावर गेली. केवढे रण माजले होते त्या दोन वर्षांसाठी! मग १९२९ चा शारदा कायदा. तोपर्यंत शहरांतील मुली शाळेत व कॉलेजात जाऊ लागल्या होत्या. प्रेमाला आता घरात नव्हे, तरी घराजवळ, कॉलेजच्या आवारात, टेनिसच्या मैदानावर उभे राहण्यापुरती जागा मिळाली. लगोलग ना. सी. फडक्यांची 'जादूगार' (१९२८) व 'दौलत' (१९२९) येऊन दाखल झाल्या. पहिलीच्या नावात जादू आहे. कथेत यत्किंचितही नाही. ते नाव मला वाटणीच्या दस्तऐवजावरील सहीसारखे वाटते. शृंगाराने अद्भुताकडून फक्त एक शब्द अलंकार म्हणून ठेवून घेतला, आणि बाकी सारा बाडबिस्तरा त्याच्या पदरी टाकून त्याला घराबाहेर काढले. खांडेकर आले, आमच्या नागपुरातून माडखोलकर 'मुक्तात्मा' (१९३३) घेऊन आले. प्रेमाच्या जोडीला ध्येयवाद आला, राजकारण आले. अद्भुत मात्र मुलांच्या मासिकांत जाऊन बसले, आणि तेथे चांगले रमले. तेथील त्याच्या सुखाबद्दल माझी तक्रार नाही.

या मुक्त झालेल्या प्रेमाचा सर्वात सुंदर पुरावा कादंबरीत नाही. तो आमच्याच गावच्या एका पत्रसंग्रहात आहे. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांनी विवाहापूर्वी, विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, एकमेकांस लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने १९७२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. दोघेही विद्यार्थिदशेत, भेटी थोड्या, टपाल फार. त्यांत अभ्यास आहे, वाचन आहे, रुसवे आहेत, घरच्यांच्या विरोधाची काळजी आहे. पुढे याच कुसुमावतींनी नागपूरच्या महाविद्यालयात इंग्रजीचे अध्यापन केले, 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा ग्रंथ १९५३-५४ साली दोन भागांत सिद्ध केला, आणि १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले; त्या पदावर बसलेल्या त्या पहिल्या महिला. ज्यांनी 'मुक्तामाला'-'मंजुघोषा'पासूनच्या साऱ्या कल्पित प्रेमांचा इतिहास लिहिला त्यांच्या स्वतःच्या पेटीत खरे प्रेम जपून ठेवलेले होते. माझ्या आजीच्या व त्यांच्या वयात जेमतेम बारा वर्षांचे अंतर. एकीला राजकन्येची कथा वेष्टनात लपवावी लागली; दुसरीने स्वतःची कथा स्वतः लिहिली.

शृंगाराचे असे स्वतंत्र बिऱ्हाड झाले, हे उत्तमच झाले. परंतु वाटणीत काही गमावलेही. अद्भुतात एक सामर्थ्य असते: जे आज घरात शक्य नाही ते उद्या शक्य होईल, असे ते तरुण मनाला पटवून देते. ही गोष्ट आमच्याकडे कोणी ओळखली असेल तर काशीबाई कानिटकरांनी (१८६१–१९४८). लग्नानंतर लपूनछपून अक्षरे गिरवून वाचावयास शिकलेल्या या बाईंनी 'पालखीचा गोंडा' (१९२८) लिहिली. एक तरुणी फसवणुकीने एका दुर्बल मनाच्या संस्थानिकाशी विवाहबद्ध होते. रडत न बसता ती राज्याचा कारभार हाती घेते आणि बायकांना शिकता येईल, सन्मानाने जगता येईल असे राज्य उभारते. येथे परी नाही, कापालिक नाही. पण ते संस्थान नकाशावर कोठेही सापडणार नाही, आणि त्या काळच्या कोणत्याही जादूच्या नगरीपेक्षा ते अधिक अद्भुत आहे. 'जादूगार' व 'पालखीचा गोंडा' एकाच वर्षी निघाल्या, हे पाहून मला नेहमी मौज वाटते. एकीला अफाट वाचक मिळाले. दुसरी विस्मृतीत गेली व पुढे अभ्यासकांनी ती शोधून काढली.

नंतरच्या काळात हे दोन भाऊ अधूनमधून एकमेकांकडे आले नाहीत असे नाही. खांडेकरांच्या 'ययाति'त (१९५९) मुलगा आपले तारुण्य बापास देतो. एवढा मोठा चमत्कार असूनही कादंबरी आहे ती वासना, प्रेम व त्यांतील फरक यांचीच. तिला पुढे ज्ञानपीठ मिळाले. रणजित देसायांच्या 'स्वामी'त (१९६२) व ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'त प्रेमाने इतिहासाचा पोशाख केला. त्याची मुळे १८७१ च्या गुंजीकरांच्या 'मोचनगडा'पर्यंत जातात; आणि प्रेमाला पुन्हा राजवाडाच लागला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. पण ही सारी प्रौढांसाठी लिहिलेली पुस्तके. सोळा वर्षांच्या वाचकास उद्देशून, त्याचे वय ओळखून, त्याच्या मनातल्या प्रेमाची थट्टा न करता आणि त्याच्या जादूच्या हौसेला पोरकट न ठरविता लिहिलेली मराठी कादंबरी मला त्या ग्रंथालयात शोधूनही हाती लागली नाही. दमयंती व मालती या नायिकांचे वय आमच्या घरच्या मुलींएवढेच होते. त्यांना लेखक भेटला. आमच्या मुलींना परदेशातील लेखकांकडे जावे लागते, आणि ते लेखक त्यांना आपली भाषाही सोबत देतात. आठव्या वर्षी मराठी गोष्टी वाचणारी मुलगी सोळाव्या वर्षी इंग्रजीकडे गेली, तर विसाव्या वर्षी ती परत येईल, असे समजणे भाबडेपणाचे आहे.

तर मी भाचीस काय दिले? त्या दिवशी ग्रंथालयातून 'पालखीचा गोंडा' मिळाली नाही. ती नंतर मिळवून दिली. 'मालतीमाधवा'चे गद्य कथानक मी स्वतःच दोन दुपारी सांगितले. 'ययाति' दिली, पण अजून एक-दोन वर्षांनी वाच असे सांगून दिली. अर्थात तीच तिने प्रथम वाचली. 'कुसुमानिल' तिला सुरुवातीस संथ वाटले, मग एके रात्री दोन वाजेपर्यंत तिच्या खोलीतला दिवा जळत होता. 'कालिकामूर्ति'ने तिला हसविले व घाबरविलेही. कथानकातील योगायोग मोजण्याचा तिने खेळ केला आणि चाळिसाच्या पुढे मोजदाद सोडून दिली. आणि शेवटी, थोडे भीतभीतच, मी आजीच्या ट्रंकेतले 'वीरधवल' काढून तिच्या हाती ठेवले.

"मामा, पहिली पानं कुठं आहेत?"

"नाहीत. तुझ्या पणजीनंही सतरापासूनच वाचलं."

ती सतराव्या पानापासून वाचू लागली. चार दिवस तिने कोणाशी धड भाषण केले नाही. जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या बेतास ती परत निघाली, तेव्हा तिच्या पिशवीत ते पुस्तक मला दिसले; पण 'शिवलीलामृता'चे जीर्ण वेष्टन काढून तिने ते निराळे घडी करून ठेवले होते, आणि पुस्तकावर आपल्या एका इंग्रजी कादंबरीचे झगझगीत वेष्टन चढविले होते, ते पंखवाल्या सर्पाचे. मी कारण विचारले. गाडीत मैत्रिणी बरोबर असणार, मराठी पुस्तक हातात दिसले की त्या हसतात, असे ती म्हणाली.